किटलीवरचा नेम

हवालदार चाचा गुरुवारी दुपारी चहा पिऊन आडवे झाले आणि उठले नाहीत. चाचींनी भिंतीवर हात मारून मला हाक दिली. मी गेलो. कप खाटेवर होता, बशी खाटेखाली होती.

इंदापुरात आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत आहे. अलीकडे मी आणि माझी पुस्तकं, पलीकडे चाचा आणि चाची. बारामतीच्या कॉलेजात ग्रंथपालाची नोकरी संपवून मी घरी बसलो, तेव्हा शेजार कसा आहे याची मला धास्ती होती. चाचांकडून काहीच त्रास नव्हता. ते एका वेळी एकच शब्द बोलत. जेवलात का, विचारलं तर 'व्हय'. काय होतं, विचारलं तर जरा वेळ जायचा आणि मग 'वांगं' यायचं. कसं झालं होतं, असं तिसरं विचारलं की ते वाऱ्याचा अंदाज घेतल्यासारखे स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहायचे आणि गप्प राहायचे. चाचींचं याच्या अगदी उलट. त्या भाजीवाल्यापासून सुरू झाल्या की मध्ये कुठेही न थांबता निरवांगीच्या नणंदेपर्यंत जाऊन पोचायच्या. चाचा मला एकदा म्हणाले, "बंदूक एकच हाय, सर. माझा खटका सिंगलवर, हिचा ऑटोमॅटिकवर." ते आत ऐकू गेलं. चाचींनी जे सुरू केलं ते संध्याकाळची, मगरिबची अजान होईपर्यंत चाललं.

बंदुकीचा विषय निघाला तरच चाचा सलग वाक्यं बोलत. एकाहत्तरच्या लढाईत ते एलएमजीवर होते. एलएमजी म्हणजे दोन पायांवर उभी राहणारी हलकी मशीनगन. गोळ्यांची मॅगझिन तिच्या डोक्यावर बसते. तिला 'हलकी' म्हणणाऱ्यानं ती कधी खांद्यावर घेतली नसावी, असं त्यांचं मत होतं. लोकांना ही बंदूक सिनेमातून माहीत. नायक ती कमरेला लावतो आणि समोरची अख्खी रांग आडवी होते. चाचा म्हणत, तसं केलं तर छप्पर पडंल, माणूस न्हाय. त्यांच्या लेखी खरी कला निराळी होती. खटका सिंगलवर ठेवायचा, बंदुकीवर दुर्बीण चढवायची आणि लांबचा, अगदी लांबचा नेम एकाच गोळीत साधायचा. "पाटानं बी पाणी जातं अन् ठिबकनं बी," ते समजावून सांगत. "पाणी तेच. मुळाशी किती पडलं, ते बघा."

अडचण अशी की ही बंदूक त्या कामासाठी केलेलीच नव्हती. घोडा दाबला की आधी तिच्या पोटातला लोखंडी ठोकळा पुढे धावतो, मग गोळी सुटते. म्हणजे ऐन वेळी बंदूक स्वतःच हलते. पलटणीत त्यांना नेमबाजी शिकवणाऱ्या उस्तादांना मात्र या गोष्टीचं वेड होतं. मोडलेल्या एका रायफलीची दुर्बीण त्यांनी कुठून तरी पैदा केली, पलटणीच्या मिस्त्रीकडून तिच्यासाठी कडी बनवून घेतली आणि ती चाचांच्या एलएमजीवर बसवली. वर मॅगझिन असल्यामुळं ती मधोमध बसेना. म्हणून ती डावीकडे, चार बोटं बाजूला बसली. डोळा एका रेषेत, नळी दुसऱ्या. लांबवर गेल्यावर या दोन रेषा एकमेकींना मिळतात आणि नेम सरळ लागतो. जवळ मात्र त्या मिळत नाहीत. जवळचं काही मारायचं असेल तर नेम चार बोटं डावीकडे धरावा लागतो.

चांदमारीच्या सरावातली ही चार बोटं चाचांच्या अंगात जन्मभर राहिली. खिळा ठोकायचा असला की ते भिंतीवर पेन्सिलीनं फुली काढत, दोन पावलं मागं जात, डावा डोळा मिटून फुलीकडे बघत, आणि मग पुढं येऊन खिळा तिच्या डावीकडे ठोकत. आमच्या मधल्या भिंतीवर त्यांच्या बाजूनं अशा पुष्कळ फुल्या आहेत आणि प्रत्येक फुलीच्या डावीकडे एक भोक आहे. कॅलेंडर, आरसा, मक्केचं चित्र, सगळं घर कोणी तरी जरासं ढकलल्यासारखं दिसे. एकदा माझ्या बाजूचा गिलावा पुस्तकांवर पडला. चाचींनी दोन्ही घरांच्या वतीनं बोलून घेतलं. "लांबची चिमणी दिसती ह्यांना," त्या शेवटी म्हणाल्या, "म्होरं ठेवलेलं ताट दिसत न्हाय."

लांबची चिमणी दिसायची, हे खरं होतं. निरवांगीला चाचांच्या भावाची डाळिंबाची बाग आहे. फळं धरली की पाखरं राखायला चाचा तिथं जात. मचाणावर बसून, वारा बघायला चिमूटभर माती सोडून, ते गोफण फिरवत. एकच दगड. लांबच्या झाडावरचा पोपट ज्या फांदीवर बसला असेल त्या फांदीला तो लागायचा. पोपट ओरडत उडून जायचा. मी एकदा सोबत होतो. पोपटालाच का मारत नाही, असं मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं. "उडाला न्हवं?" म्हणाले.

आता किटलीचं सांगायला हवं. लढाईत नाल्यापलीकडच्या चौकीवरची चहाची किटली चाचांनी एका गोळीत उडवली, ही गोष्ट इंदापुरात सगळ्यांना माहीत होती आणि कोणाचाही तिच्यावर विश्वास नव्हता. बबनच्या हॉटेलात चाचा शिरले की बबन शेगडीवरची किटली फडक्यानं उचलायचा आणि आत ठेवल्यासारखं करायचा. "चाचा आले. भांडी आवरा रं." चाचा बाकावर बसत आणि एक बोट वर करत. मग कोणी तरी ठरलेला प्रश्न विचारायचा: चाचा, नेम किटलीवर हुता का किटलीवाल्यावर? याला चाचांनी कधी उत्तर दिलं नाही. त्यांचे कान लाल व्हायचे. ते चहा बशीत ओतायचे आणि गरज नसताना बराच वेळ फुंकर घालत राहायचे. बाकीची सगळी चेष्टा त्यांनी आनंदानं सोसली. या एका प्रश्नाच्या दिवशी ते घरी आल्यावर भिंतीपलीकडून 'व्हय' सुद्धा ऐकू येत नसे.

हा प्रश्न गावाला पुरवला होता तात्यांनी. तात्या सोमेश्वरनगरचे. साखर कारखान्यात राखणदारी करून निवृत्त झालेले. पण त्याआधी पलटणीत ते चाचांचे नंबर दोन होते. एलएमजीवर दोघं लागतात. एक बंदूक चालवतो, दुसरा त्याच्या डाव्या हाताला पालथा पडून मॅगझिन बदलतो आणि गोळी कुठं लागली ते पाहून सांगतो. उस्ताद केव्हाच वारले होते. म्हणजे किटलीचा हयात असा एकच साक्षीदार होता, आणि तो चाचांच्या विरुद्ध होता. तात्यांचं म्हणणं सरळ होतं. उस्तादांचा हुकूम होता माणसाचा. चाचांनी गोळी सोडली, किटली उडाली, माणूस पळाला. "ह्याला नेम म्हणत न्हाईत," तात्या अख्ख्या हॉटेलला ऐकवत, "नासधूस म्हणत्यात." उस्तादांनी त्याच दिवशी दुर्बीण काढून दुसऱ्या गनरला दिली, हे सांगताना ते मांडीवर थाप मारून हसत. आणि पुढच्या गुरुवारी बारामतीला एसटी बदलून, दुपारपर्यंत, पुन्हा हजर. एखाद्याला चिडवण्यासाठी कोणी दर आठवड्याला एवढा प्रवास करतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. चाची म्हणत, "माझी सवत हाय ती. मिशीवाली."

मग चाचांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला. नेमका दुर्बिणीचा डोळा. ऑपरेशन करायला ते तयार होईनात. काच बदलली की नेम पुन्हा पहिल्यापासून जुळवावा लागतो, आणि ह्या वयात मला चांदमारीला कोण गोळ्या देणार, असं त्यांनी विचारलं. याचं उत्तर चाचींकडे होतं. त्यांनी चाचांना सांगितलं की पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याला यंदापासून डोळा तपासून लागतो. सरकारचं काम म्हटल्यावर चाचा टोपी घालून निघाले. बारामतीला डॉक्टरांनी भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. चाचांनी विचारलं, पाटी किती लांब आहे. त्याचा काही संबंध नाही, तुम्ही वाचा, डॉक्टर म्हणाले. सगळा संबंध त्याचाच असतो, हे चाचांनी त्यांना बरंच समजावलं. बाहेर बाकांवर रांग वाढत होती. अखेर चांगल्या डोळ्यानं त्यांनी सगळ्यात खालची ओळ वाचली आणि तिच्याखालचं छापखान्याचं नावही वाचलं. दुसऱ्या डोळ्यानं त्यांना पाटी दिसली नाही. डॉक्टरही दिसले नाहीत. तेव्हा ते कबूल झाले.

पट्टी काढली त्या दिवशी चाची समोर उभ्या होत्या. चाचांनी त्यांच्याकडे खूप वेळ पाहिलं. मग म्हणाले, "म्हातारी झालीस." चाचींना शब्द न सुचल्याचं मी त्या एकाच वेळी पाहिलं. ते फार टिकलं नाही. बारामतीच्या स्टँडवर सुरू झालेलं त्यांचं बोलणं एसटीतल्या सगळ्यांनी ऐकलं. कंडक्टरनं तर त्यात चाचींची बाजू घेतली. निमगाव केतकीच्या आसपास आवाज थांबला. चाचा माझ्याकडे वाकून म्हणाले, "बरी दिसती पण." मी मागं पाहिलं. चाचींना झोप लागली होती. मी म्हटलं, चाचा, हे त्यांना सांगा. "ऐकलं आसंल," ते म्हणाले.

डोळा नवा झाल्याची बातमी तात्यांना कळली आणि त्यांनी डाव टाकला. वैशाखात नरसिंहपूरला नृसिंहाची यात्रा भरते. संगमाकडं जाणाऱ्या वाटेवर पाळणे, भांड्यांची दुकानं आणि फुग्यांवर छर्रे मारायच्या बंदुका असतात. तात्या म्हणाले, आता डोळ्याचा बहाणा नको. मी सांगेन तो फुगा फोडायचा. फुटला तर मी किटलीचं नाव पुन्हा काढणार नाही. नाही फुटला तर हवालदारानं बबनच्या हॉटेलात उभं राहून कबूल करायचं की त्या दिवशी माझी गोळी चुकली. मला वाटलं चाचा हसून सोडून देतील. ते "व्हय" म्हणाले.

निघायच्या आधी चाचींनी मला अंगणात गाठलं. आवाज खाली होता. तो इतका खाली येतो हे मला माहीत नव्हतं. "सर, तुमी जावा संगं. ह्यांच्याजवळ बोलायला तेवढं नेमाचं एकच हाय. ते बी गेलं तर घरात दोन शब्द व्हायचे न्हाईत."

यात्रेत ऊन होतं आणि धूळ होती. फुग्यांच्या पाटीसमोर चाचांनी खिशातला रुमाल अंथरला आणि ते पालथे पडले. फुगेवाली बाई म्हणाली, आजोबा, उभ्यानं मारत्यात सगळी. चाचांनी ऐकलं नाही. म्हातारा धुळीत आडवा झालेला पाहून लोक गोळा झाले. कोणी तरी पाणी आणायलाही पळालं. तात्या म्हणाले, "लाल." चाचांनी श्वास रोखला. लालच्या डावीकडचा निळा फुगा फुटला.

तात्यांनी मांडीवर थाप मारली. त्यांनी पिवळा सांगितला; पिवळ्याच्या डावीकडचा हिरवा फुटला. गुलाबी सांगितला, त्याच्या डावीकडचा पांढरा फुटला. लोक हसायला लागले. बाई वैतागून म्हणाली, "आजोबा, ज्याच्यावर धरता त्याला मारा की." तात्या हसत होते तोवर हसत होते. मग मी पाहिलं, त्यांचं तोंड हळूहळू मिटलं. त्यांनी पाटीच्या डाव्या टोकाचा, अगदी शेवटचा फुगा सांगितला. त्याच्यापलीकडं फुगा नव्हताच. छर्रा लाकडी चौकटीत घुसला, फुग्यापासून चार बोटं.

तात्या आता हसत नव्हते. गुडघ्यावर हात टेकत ते चाचांच्या डाव्या बाजूला खाली बसले, जिथं नंबर दोन बसतो तिथं.

"हवालदार, तुझा हात हालला न्हाय."

"न्हाय."

"जवळचं हाय म्हणून डावीकडं धरलंस. ती तुझी जुनी खोड."

"व्हय."

तात्यांनी चौकटीतल्या छऱ्याकडे बोट केलं. "जवळचं ठीक हाय. पण नाल्यापल्याड तर नेम सरळ जायचा. तितं खोडीचा काय संबंध? तितं किटलीवर कशी गेली?"

चाचांनी उठवण्यासाठी हात वर केला. आम्ही दोघांनी मिळून त्यांना उभं केलं, आणि तात्यांनी त्यांच्या सदऱ्यावरची धूळ झटकली. पैज कोण जिंकलं, हे जमलेल्यांपैकी कोणी तरी विचारलं. तात्या त्याला म्हणाले, तू पाळण्यात बस जा.

नदीकडच्या पायऱ्यांशी एक चहावाला होता. आम्ही तिथं बसलो. चाचांनी चहा बशीत ओतला आणि या वेळी लगेच प्यायला सुरुवात केली नाही की फुंकरही घातली नाही. बशी हातात धरून ते बोलले. त्यांना इतकं बोलताना मी आधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही.

"उघड्या डोळ्याला ठिपका हुता, तात्या. ठिपक्यावर मी लई गोळ्या टाकल्या. त्या दिशी पयल्यांदा दुर्बीण माणसावर लावली. ठिपक्याचा माणूस झाला. उकिडवा बसला हुता. बशीत च्या वतून फुकत हुता." ते थांबले. "आपल्यावाणी."

"मग धरलंस किटलीवर."

"व्हय."

"उस्तादाला का न्हाय बोललास?"

"हुकूम हुता."

"अन् मला? एवढी वरसं?"

चाचा म्हणाले, "तू बोलला आसतास."

हे इतकं खरं होतं की तात्यांनाही ते मान्य करावं लागलं. ते उठले आणि भांड्यांच्या दुकानांकडे चालू लागले. मला वाटलं, रागावले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात ॲल्युमिनियमची नवी किटली होती. ती त्यांनी चाचांच्या पुढ्यात ठेवली आणि आपला चहा प्यायला घेतला. एसटीत चाचा खिडकीशी डुलकी घेत होते, किटली मांडीवर. तात्या माझ्या कानाशी म्हणाले, "गडी चुकत न्हाय, सर. सोडतो."

चाचींनी दारातच विचारलं, काय झालं. चाचांनी किटली पुढं केली. यात्रेत बक्षीस मिळालं, असा त्यांनी समज करून घेतला, आणि शेजारच्या चार घरांना तसं सांगितलंही. कोणी ते दुरुस्त केलं नाही.

पुढच्या गुरुवारी बबननं नेहमीप्रमाणे शेगडीवरची किटली उचलली आणि कोणी तरी विचारलं, "चाचा, नेम किटलीवर हुता का किटलीवाल्यावर?" सगळ्यांनी तात्यांकडे पाहिलं, कारण पुढचं त्यांचं असायचं.

"किटलीवर," तात्या म्हणाले. एवढंच.

हॉटेलातले लोक आणखी काही येईल म्हणून वाट पाहत राहिले. चाचांनी चहा बशीत ओतला. त्यांचे कान त्या दिवशीही लाल झाले होते, पण ते एका दमात बशी प्याले आणि दुसरा चहा मागवला, जो त्यांनी कधीच मागवला नव्हता.

त्यानंतरही तात्या दर गुरुवारी येत राहिले. चिडवायला दुसरे विषय होते. चाचांचं घोरणं होतं, त्यांची टोपी होती. शेवटच्या गुरुवारीही ते नेहमीच्या एसटीनं आले. दारात चपला पाहून त्यांना कळलं. ते आत आले, खाटेच्या डाव्या बाजूला खाली बसले आणि उठवायला आलेल्यांना म्हणाले, माझी जागा हितंच हाय. कब्रस्तानात त्यांनी माती दिली. परतताना, चाचा माती सोडून वारा बघत त्याची त्यांना आठवण झाली. त्यांनी ती मला सांगितली.

चाची अजून बोलतात. मध्ये थांबतात मात्र. आधी थांबत नसत. त्या थांबल्या की भिंतीच्या अलीकडे मी पुस्तकातून मान वर करतो, कारण त्या जागी एक 'व्हय' यायचा. परवा त्यांनी मला विचारलं, पट्टी काढली त्या दिवशी एसटीत हे तुमच्या कानात काय म्हणाले होते. मी सांगितलं. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि म्हणाल्या, "ऐकलं हुतं मी."

तात्या गुरुवारी येतात. चहा त्या किटलीत होतो. भिंतीवरच्या फुल्या आणि भोकं तशीच आहेत.